परका साक्षीदार



वैशाखातल्या उन्हाने दिवसभर भाजून निघालेली माणसे संध्याकाळी अंगणात खाट टाकून पडावयाचे सोडून व्याख्यान ऐकावयास येतात, हे शिंदखेड्याचे कौतुकच आहे. त्यांतून चालकांनी विषय दिला तो असा, की लोकशाही राष्ट्राच्या निवडणुकांवर परदेशी निरीक्षकांनी देखरेख ठेवावी काय? हा दिल्लीचा विषय, बुराईकाठच्या गावाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या धुळे मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३,८३१ मतांनी लागला, आणि शिंदखेडा हा त्याच मतदारसंघाचा एक भाग आहे. लाखो मतांच्या राशीत ३,८३१ मते म्हणजे एखाद्या मोठ्या गावाची मते. त्याच वेळी मुंबईच्या वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी लागला. ४८ म्हणजे एका वाड्यातली माणसे! इतक्या थोडक्याने हरलेला मनुष्य त्या रात्री घरी जाऊन निजू शकतो की नाही, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. जिंकणाऱ्याला कोणतीही मोजणी बरोबरच वाटते. पटवावयाचे असते ते हरणाऱ्याला. ते पटवण्यासाठी परका साक्षीदार लागतो काय, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

परक्याने येऊन निवडणूक पाहावी ही कल्पना काही कालपरवाची नाही. १८५७ साली, आपल्याकडे बंडाचा वणवा पेटला होता तेव्हा, तिकडे मोल्डेव्हिया आणि वालेशिया या दोन संस्थानांतील निवडणुकांवर युरोपातील बड्या राष्ट्रांच्या आयोगाने नजर ठेवली होती. ती लोकशाहीच्या प्रेमापेक्षा एकमेकांवरच्या अविश्वासापोटी अधिक होती, हे सांगावयास नकोच. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती सुटू लागल्या, आणि नव्या राज्याची पहिली निवडणूक कोणी तरी तटस्थाने पाहावी अशी प्रथाच पडली.

आणि येथे आपल्या देशाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची यादी त्यांनी केली. त्या यादीत अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच नोंद असलेल्या लक्षावधी स्त्रिया निघाल्या. परपुरुषाला आपले नाव सांगावयाचे नाही ही रीत. सेन यांनी नाव सांगण्यास मुदत वाढवून दिली. तरीही ज्यांनी नाव दिले नाही अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद त्यांनी यादीतून काढून टाकली. त्यांवर टीका झाली. पण पुढच्या खेपेस बायका नाव सांगू लागल्या! कोणत्या परदेशी निरीक्षकाला हे दुखणे कळले असते, आणि कळले तरी हा उपाय करण्याचे धाडस त्याला कोणी दिले असते?

याच सेन यांना १९५३ साली सुदानच्या पहिल्या पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी बोलावणे आले. इंग्रज आणि इजिप्त यांच्यातील करारान्वये सात जणांचा आयोग नेमला होता: तीन सुदानी, एक इजिप्ती, एक इंग्रज, एक अमेरिकन आणि अध्यक्षपदी हिंदी गृहस्थ. म्हणजे दुसऱ्याच्या निवडणुकीत आम्ही पाहुणे म्हणून नव्हे, पंच म्हणून बसलो होतो. तेव्हा कोणी परदेशी मनुष्य आमच्या मतदानकेंद्राच्या दाराशी उभा राहिला, की सार्वभौमत्व बाटले अशी आरोळी आम्हांला फारशी शोभत नाही. दुसऱ्याच्या लग्नात मध्यस्थ म्हणून मिरवावयाचे आणि आपल्या घरच्या लग्नात शेजाऱ्याला दारातून परतवावयाचे, हा कुठला न्याय?

हा रोग आपल्यालाच आहे असे मात्र नाही. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या राष्ट्रांनी १९९० साली कोपनहेगन येथे एकमेकांना वचन दिले, की आमच्या निवडणुका पाहावयास खुशाल या. अमेरिकाही त्यात आहे, आणि २००२ पासून तिच्या निवडणुका हे निरीक्षक पाहत आले आहेत. पण २०१२ साली टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने त्यांना लेखी बजावले, की मतदानकेंद्राच्या शंभर फुटांच्या आत पाऊल टाकाल तर फौजदारी होईल. जगभर निरीक्षक धाडणाऱ्या देशाने स्वतःच्या उंबरठ्यावर असे म्हणावे, यावर निराळे भाष्य नको.

आता परका साक्षीदार करतो काय, हे नीट पाहू. चांगले पथक महिनाभर, दीड महिना आधी येते. कायदा वाचते, मतदारयादी चाळते, वर्तमानपत्रे कोणाला किती जागा देतात ते मोजते. मतदानाच्या दिवशी केंद्रांवर फिरते आणि मोजणीला बसते. जेथे देशातला पंच सत्ताधाऱ्याचाच नोकर असतो, तेथे या कामाचे मोल फार. १९८९ साली पनामात लष्करशहा नोरिएगाने निवडणूक लाटावयाचा घाट घातला, तेव्हा तेथे गेलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर यांनी सर्व जगासमोर ती लबाडी उघडी पाडली. तेथल्या माणसाचा आवाज गजांआड गेला असता. परक्याचा आवाज दाबता येईना.

पण दुसरी बाजूही ऐका. ८ ऑगस्ट २०१७ रोजी केनियात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मोठमोठी निरीक्षक-मंडळे गेली होती, त्यांत अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री केरी होते. निवडणूक एकंदरीत ठीक झाली असा त्यांचा सूर होता. हरलेल्यांनी निकाल मानावा, असेही सुचवले गेले. १ सप्टेंबरला केनियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. केंद्रांवरचे आकडे वर पोहोचवण्यात कायदा पाळला गेला नाही, असे न्यायमूर्तींना आढळले. पाहुण्यांनी रांग पाहिली आणि घरच्या न्यायाधीशांनी कागद पाहिले! रांग पाहून निवडणूक कळत नाही. आपल्याकडचेच घ्या. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीबोळांतून जे लक्ष्मीदर्शन घडते, ते कोणत्या निरीक्षकाच्या वहीत उतरणार? अहिराणीत दबक्या आवाजात दिलेली धमकी त्याला दुभाष्याने सांगावी, आणि दुभाष्या तरी कोणी दिलेला?

मग हरणाऱ्याला पटते ते कशाने? याचे उत्तर आपल्या मराठी माणसाच्या पदरी एकदा मोठ्या कडू रीतीने पडले आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावयाचा की केंद्रशासित ठेवावयाचा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे दोन पाने. गोव्यात तेव्हा विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे राज्य होते आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे, की ज्याला कौल जिंकावयाचा आहे त्याच्याच हाती कलेक्टर आणि पोलीस असतील, तर हा कौल कसला? म्हणणे रास्त होते. कोणी जिनिव्हाहून किंवा न्यूयॉर्कहून माणसे मागवली नाहीत. डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारभार केंद्राकडे गेला आणि निवडणूक आयोगाने कौल घेतला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी महाराष्ट्र हरला.

आपल्यापैकी किती वडीलधाऱ्यांच्या घरी त्या रात्री जेवण गोड लागले नसेल! पण कौल खोटा, पेट्या फोडल्या, असे म्हणून कोणी त्याला धरून बसले नाही. आणि पुढची गंमत अशी, की दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत गोव्याच्या त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. हा निकाल पचला याचे कारण आम्हांला स्पष्ट दिसते. ज्याच्यावर संशय घेता आला असता त्याने आधीच सत्ता खाली ठेवली होती. शंकेला जागाच उरली नाही, मग साक्षीला परका कशाला हवा?

हेच तत्त्व पुढे कायद्यात उतरले. १९९६ साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात निरीक्षकांचे कलम आले. आज निवडणूक लागली की आपल्या जिल्ह्यात बहुधा दुसऱ्या प्रांताचा अधिकारी निरीक्षक म्हणून येतो. त्याचे येथे शेत नाही, जावई नाही, बदलीची आशा नाही. केंद्रे बळकावल्याचे त्याला दिसले, तर मोजणी थांबवावयास सांगण्याचा अधिकार त्याला आहे. परकेपणाचा जेवढा उपयोग आहे तेवढा येथेच हाती लागतो.

एवढे असून २०२४ साली माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने काय केले ते आपण वाचलेच आहे. विधानसभेचा निकाल लागला. गावाने ज्याला पाठिंबा दिला होता तो उमेदवार निवडूनही आला. पण गावातल्या मतांचा आकडा गावाला पटेना. ३ डिसेंबरला आपले आपण कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान करून पाहू, असे गावाने ठरवले. जमावबंदी लागू झाली, पोलीस आले, बेत सोडावा लागला. असे मतदान कायद्याने काही सिद्ध करत नाही, हे खरे. पण ज्या गावाला शंका आली त्याला बंदोबस्त दाखवणे, हे आमच्या मते शंकेचे उत्तर नव्हे. त्याच सुमारास सायंकाळी पाचचा ५८.२२ टक्के हा आकडा अखेर ६६.०५ टक्के कसा झाला, अशी विचारणा झाली. सहा वाजता रांगेत असलेल्यांना मत देता येते, आणि दिवसा कळवले जाणारे आकडे कच्चे असतात, असे आयोगाने सांगितले. ते पटण्यासारखे आहे. पण त्याच डिसेंबरात नियम बदलून केंद्रांवरच्या चित्रफितींसारख्या गोष्टी लोकांच्या तपासणीतून वगळल्या गेल्या. खरे बोलणाऱ्याने कपाटाला कुलूप लावले, की तो खरे बोलत असला तरी लोक कुलूपच पाहतात.

शेतकरी माणसाला हे अधिक सांगावयास नको. जमिनीची मोजणी लागली म्हणजे सरकारी मोजणीदार येतो. पण लगतच्या खातेदाराला नोटीस गेल्यावाचून मोजणी होत नाही. तो बांधावर उभा राहतो, खुणेचा दगड कुठे पडला ते पाहतो, पटले तर सही करतो, नाही तर वांधा घेतो. मोजणीदार विलायतेहून आणला म्हणून लगतच्या खातेदाराला बोलावले नाही, असे कोणी चालवून घेईल काय?

निवडणुकीत हा लगतचा खातेदार म्हणजे उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी. सकाळी यंत्रावर निदान पन्नास मते टाकून चाचणी घेतात, ती त्याच्यासमोर. मोहोर लावतात, तिच्यावर त्याची सही. आणि सायंकाळी केंद्राध्यक्ष त्याच्या हाती नमुना १७-क ची प्रत देतो. त्या केंद्रावर एकूण किती मते पडली त्याचा हा हिशेब. महाराष्ट्रात २०२४ साली सुमारे १ लाख केंद्रे होती. प्रत्येक केंद्राचा हा कागद एखाद्या पक्षाने गोळा केला, तर ५८ चे ६६ कसे झाले याचा पडताळा त्याला घरबसल्या घेता येतो. पण आपल्या तालुक्यातल्या आडगावी दुपारी चार वाजता जाऊन पाहा. किती प्रतिनिधी जागेवर असतात? एक जेवावयास गेलेला, एकाला पक्षाने नेमलेच नाही, आणि उरलेल्याला १७-क म्हणजे काय ते ठाऊक नसते. सभेला हजार गाड्या भरून माणसे आणणाऱ्या पक्षांना एका खुर्चीवर बारा तास बसणारा मनुष्य मिळत नाही!

परदेशी पाहुण्यांना मात्र येऊ द्यावे, असेच आमचे मत आहे. ते येतातही. मे २०२४ मध्ये २३ देशांचे ७५ प्रतिनिधी निवडणूक आयोगाच्या निमंत्रणावरून आले. महाराष्ट्र आणि गोवाही त्यांनी पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात पंधरा-सोळा देशांच्या वकिलातींतील माणसांना काश्मिरातले मतदान दाखवण्यात आले. पण दाखवणे आणि तपासू देणे यांत अंतर आहे. आपण त्यांना सजवलेले केंद्र दाखवतो, शंभरीच्या आजीबाईंना घातलेला हार दाखवतो. उद्या असा पाहुणा शिंदखेड्याला आला, तर त्याला रांग खुशाल दाखवा. पण संध्याकाळी मोहोर लागेपर्यंत थांबवून घ्या, आणि १७-क ची प्रत घेण्यासाठी टेबलाशी किती हात पुढे येतात तेही त्याला मोजू द्या.