गप्प बसू नका, भांडूही नका

(विहाराच्या वर्धापनदिनी एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली मुलं-मुली आज कॉलेजात जातात. कुणी इथे रत्नागिरीत, कुणी मुंबईला. निघताना आई सांगते, "कुणाच्या भानगडीत पडू नको." तिची काळजी खरी आहे. पण कॅन्टीनमध्ये कुणी म्हणतो, "तुमचं काय, तुम्हाला सवलती आहेत!" तेव्हा काय करायचं? बरीच मुलं मान खाली घालतात, काही हातघाईवर येतात. समोरच्याचा गैरसमज मात्र तसाच राहतो आणि आपली मुलं आपल्याच घोळक्यात बसू लागतात.

यावरचा मार्ग बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच दाखवला. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं आंबडवे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला शिकत होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय अवघं पंचवीस. जातीचे चटके स्वतः सोसलेले, तरी शिव्याशाप दिले नाहीत. जातीतल्या जातीतच लग्न, हे जातिसंस्थेचं सार आहे, असं त्यांनी मांडलं. नामवंत अभ्यासकांची मतं खोडून काढली. आणि शेवटी, आपलं मत चुकीचं ठरलं तर ते सोडण्याचीही तयारी दाखवली!

पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्याच संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले.

आम्हीही कॉलेजात लहान प्रमाणात सुरुवात केली आहे. शनिवारी तास संपले की निरनिराळ्या समाजांची दहा-बारा मुलं-मुली एकत्र बसतो. नियम दोनच. एकाचं पुरतं ऐकल्याशिवाय दुसऱ्यानं बोलायचं नाही आणि कुणाच्या जातीवर, घरादारावर जायचं नाही. सवलतींवर दोन शनिवार गेले. सगळ्यांची मतं काही बदलली नाहीत. पण एका मित्रानं मला विचारलं, "तुझ्या आजोबांना शाळेत कुठे बसवायचे रे?" आजवर हे त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खरं बोलावं, पण कठोर बोलू नये, ही तिची शिकवण. म्हणून पालकांना हात जोडून विनंती, मुलांना "गप्प बस" सांगू नका. "वाचून जा, नीट बोल, दुसऱ्याचंही ऐक," असं सांगा. आणि त्यांचे मित्र घरी आले तर, ते कुठल्याही समाजाचे असोत, चहाचं आधण ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!