चुली वेगळ्या, गणपती एक

कोकणात भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, जमिनीच्या वाटण्या झाल्या, तरी गणपती सहसा वेगळा होत नाही. तो मूळ घरीच येतो आणि त्या घराण्याचे सगळे लोक त्याला आपलाच गणपती म्हणतात. इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंब कोणाला म्हणायचे, याच्या काही खुणा त्यात दिल्या आहेत. माणसांचे छप्पर एक, चूल एक, मालमत्ता सामाईक, घरातली पूजाअर्चा एकत्र आणि एकमेकांशी नाते. कोकणातल्या एखाद्या जुन्या घराला या खुणा आज लावून पाहिल्या तर फारसे काही हाती लागत नाही. एक भाऊ डोंबिवलीत, दुसरा विरारला आणि तिसऱ्याचा मुलगा दुबईत. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे असतात, पण त्या जमिनीवर पोट कोणाचेच भरत नाही. नाते आहे, पण नुसते नाते असून माणसे भेटतातच असे नाही. राहता राहते ती पूजा, आणि तेवढ्या एका धाग्यावर घराणे टिकल्याची उदाहरणे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडीवाडीला सापडतात.

ही पांगापांग अलीकडची नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच लागली. त्यांना लागणारे कामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून गेले. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो १९८१ साली वेगळा झाला. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष राहत, जेवायला खानावळीत जात आणि महिन्याला घरी मनीऑर्डर करीत. बायको, मुले आणि आईवडील गावीच. पुढे बिऱ्हाडे मुंबईत आली. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली माणसे उपनगरांकडे सरकली. आज गणपतीला गावी निघणाऱ्या चाकरमान्यांत गाव फक्त सुटीपुरते पाहिलेली तिसरी-चौथी पिढीही असते. तरी भाद्रपद जवळ आला की एसटीच्या गाड्या वाडीच्या नावाने ठरवल्या जातात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हापासून गणपतीच्या जादा गाड्यांची तिकिटे मिळवणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे.

माणसे एवढा त्रास घेऊन जातात ती केवळ गावाच्या ओढीने, असे म्हणणे गोड वाटते. पण ओढ दहा वर्षांत आटू शकते. ती आटू नये म्हणून या सणाला बंधनांची एक चौकट आहे. गणपतीच्या खर्चाची पाळी असते. काही घराण्यांत एकेका वर्षी एकेका भावाच्या शाखेने सगळा खर्च करायचा असतो, काहींत घरटी वर्गणी काढतात. श्रावणात, पुष्कळ ठिकाणी नागपंचमीच्या सुमारास, घरातला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती बसवतो. अमुक घराण्याचा पाट अमुक शाळेत, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि मूर्ती कशी हवी हे सांगण्याचीही गरज नसते. ज्याची पाळी त्याला गैरहजर राहता येत नाही आणि ज्याची पाळी नाही तो गेला नाही तरी वाडीत बोलले जाते.

भाऊबंदकीचे भांडण या चौकटीतून सुटत नाही. सामाईक विहिरीवरून किंवा आंब्याच्या चार कलमांवरून वर्षभर कोर्टात उभे राहणारे चुलते चतुर्थीला एकाच देवापुढे टाळ वाजवताना दिसतात. त्यांची मने जुळलेली असतात असे नव्हे. पण मुले एकत्र खेळतात, जेवणाची पंगत एक असते आणि पुढच्या पिढीला भांडणाबरोबर भावंडेही मिळतात. गणपती वेगळा काढला तर घराण्याला लाभत नाही, असा समज कोकणात खोलवर रुजलेला आहे. त्याला श्रद्धा म्हणा की धाक, समजावणीने जे झाले नसते ते या समजाने घडवून आणले आहे.

सोयरसुतकाचेही तसेच. भाऊबंदांत कोणी वारले तर दहा दिवसांचे सुतक सगळ्या घराण्याला येते आणि त्या काळात मूळ घरच्या माणसांना पूजा करता येत नाही. मग ती दुसऱ्याकडून करवून घेणे, पुढे ढकलणे किंवा त्या वर्षी न करणे, असा घराण्याच्या चालीप्रमाणे मार्ग काढावा लागतो. जन्माचे सोयरही पाळले जाते. आजच्या विचाराने या रूढीवर पुष्कळ आक्षेप घेता येतील. पण तिचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या चुलत चुलत्याकडचा जन्म किंवा मृत्यू मूळ घराला कळवावाच लागतो. आपल्या घराण्यात कोण येते, कोण येत नाही, याची उजळणी दरवर्षी आपोआप होते.

पिढ्यांची खरी गाठ पडते ती कामात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची चौकट टांगतात. रत्नागिरीकडे तिला मंडपी म्हणतात, मालवणकडे माटवी, गोव्यात माटोळी. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळ बांधायचे, मध्ये असोला नारळ, सुपारीचे शिपटे, तवसे, चिबूड आणि भोवती रानातून आणलेली फळे-फुले. त्यांत पिकल्यावर लालभडक होणारे कवंडळ असते, कांगल्यांचे घोस असतात, हरणाची पिवळी फुले आणि शेरवडाची पांढरी पाने असतात. यातले पुष्कळसे बाजारात एरवी मिळत नाही आणि कवंडळासारखे काही खाण्याचेही नसते. ते कुठल्या कुंपणावर चढते, कुठल्या परड्यात सापडते, हे ज्याला माहीत तोच आणू शकतो. म्हणून या दिवशी आजोबांना मान मिळतो तो वयाचा नव्हे, माहितीचा. गुडघे दुखत असले तर ते पडवीत बसून सांगतात आणि शहरातली नातवंडे चिखल तुडवत रानात जातात. चुकीचा वेल आणला तर परत पाठवले जाते. शाळेतल्या वनस्पतिशास्त्रात न आलेली नावे अशा वेळी कायमची पाठ होतात, कारण प्रत्येक नावाबरोबर एक जागा, एक काटा आणि आजोबांचे एक ओरडणे जोडलेले असते.

पूजेच्या एकवीस पत्रींचीही तीच गोष्ट. माका, आघाडा, डोरली, विष्णुक्रांत, शमी, रुई ही पाने शहरात पुडीत एकत्र मिळतात आणि कोणते कुठले हे विकणाऱ्यालाही सांगता येईलच असे नाही. गावी ती एकेक करून खुडावी लागतात.

गोव्यात या सणाला चवथ म्हणतात आणि पूर्वजांच्या घराला व्हडलें घर. तिथल्या काही घराण्यांत मातीची मूर्ती येतच नाही, कागदावरच्या गणपतीची पूजा होते. पोर्तुगीज अमलात मूर्तिपूजेवर बंदी आली तेव्हा चटकन लपवता येईल असे चित्र पुजण्याची रीत पडली, असे त्या घरांत सांगितले जाते. बंदी उठून किती काळ लोटला, पण कागद बदलून मूर्ती आणावी असे त्यांना वाटत नाही. संकटात आजा-पणजांनी जे केले ते तसेच करणे, हीच तिथे पूर्वजांची आठवण आहे.

स्वयंपाकघरातले शिक्षण याहून सावकाश चालते. मोदकांसाठी तांदळाची पिठी उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, ती गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची, पारी पातळ करायची, कळ्या पाडायच्या, गूळ-खोबऱ्याचे सारण भरून तोंड मिटायचे. हे सगळे कोणी तोंडी सांगून येत नाही. म्हणून पोरींना, आणि आता पोरांनाही, आधी निवगऱ्या करायला बसवतात. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे, मीठ घालून केलेल्या चपट्या निवगऱ्या बिघडल्या तरी कोणाचे काही जात नाही. त्या जमल्या की पारी करायला मिळते. कळ्या पाडण्याचा मान बहुधा घरातल्या जुन्या हातांकडे राहतो. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून परसात आपोआप किंवा हाताने लावून आलेले अळू, सुरण, भोपळा, मक्याची कणसे असे एकत्र शिजवायचे. नांगर, बैल आणि शेत यांचा हिशेब या एका भाजीवरून नातवंडांना समजतो.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. एकत्र वेळ घालवण्याचे हे सुख घरातल्या सगळ्यांना सारखे मिळत नाही. पुरुष पडवीत पत्ते कुटत असतात तेव्हा मुंबईत नोकरी करणारी सून मोजून मिळालेली रजा धुरात काढते. कित्येक घरांतल्या मुलींना गावच्या गणपतीची आठवण म्हणजे भांड्यांचा ढीग. हे बदलते आहे, पण हळू. काही घरांनी मोदक बाहेरून मागवायला सुरुवात केली आहे, काहींत खोबरे खवण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे पुरुषांमध्ये वाटली आहेत. पहिल्या उपायाने कष्ट वाचतात, दुसऱ्याने कष्ट वाटले जातात आणि मोदकही घरचा राहतो. घराणे टिकवायचे असेल तर दुसराच अधिक कामाचा, कारण थकलेली सून पुढच्या वर्षी मुलांना घेऊन यायला फारशी राजी नसते.

बायकांचा स्वतःचा सण म्हणजे गौर. ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा होते. कोकणात पुष्कळ ठिकाणी गौर तेरड्याच्या रोपांची असते आणि पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी येते. मराठा, कुणबी, भंडारी अशा अनेक समाजांत तिला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. नवी सून वाणाची सुपे घेऊन गौरीला ओवसते आणि मग ते वाण सासू, आत्या, काकी, चुलतसासू यांना एकेक करून देते. त्या बदल्यात प्रत्येकीकडून तिला काही ना काही मिळते. कालपर्यंत परक्या असलेल्या मुलीला घराण्यातल्या बायकांची ओळख इतक्या पद्धतशीरपणे करून देणारा दुसरा प्रसंग लग्नातही सापडत नाही. लग्नात ती कोणाकडे धड पाहूही शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यातही गौरीच्या निमित्ताने भाऊ एकत्र येतात. तिथे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्या बहुधा थोरल्या घरी उभ्या राहतात आणि धाकटे भाऊ बायकामुलांसह तिथे जेवायला जातात.

रात्री वाडीतले भजन घरोघर फिरते. पखवाज वाजवणारा साठीचा आणि झांज धरणारा दहा वर्षांचा, असे एकाच बैठकीत चालते. वर्षभर मोबाइलवर असलेला मुलगा इथे सलग दोन तास बसतो, कारण त्याच्या हातात काम दिलेले असते. बायकांच्या फुगड्या आणि झिम्मा, तर रत्नागिरीकडे जाखडीचा नाच मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात.

सिंधुदुर्गात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. घरातला वडीलधारा नारळ-विडा ठेवून मालवणीत देवाशी बोलतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देतात. त्यात मूळपुरुषाची आठवण येते. मग कोणाच्या मुलाची दहावी, कोणाचे लग्न जमत नाही, कोण परदेशी आहे, कोणाचे ऑपरेशन झाले, हे सगळे एकेक करून देवाच्या कानावर घातले जाते. ते ऐकतात मात्र सगळे. पुणे-मुंबईच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यापासून लपवलेली अडचण इथे उघड बोलली जाते आणि पुष्कळदा त्याच रात्री पडवीत एखादा काका नोकरीचा किंवा डॉक्टरचा पत्ता सांगतो. ज्या मुलाचे नाव गाऱ्हाण्यात येते, त्याला आपण या माणसांच्या मोजणीत आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता या चौकटीवर ताण आहे. शाळांच्या परीक्षा आणि कंपन्यांची रजा यांत पाच-सात दिवस मिळत नाहीत, म्हणून पूर्वी अकरा दिवस राहणारे काही गणपती दीड दिवसावर आले. परदेशातली मराठी मंडळे सण शनिवार-रविवारी साजरा करतात. तिथली मुले आरत्या उत्तम म्हणतात, पण आजीच्या हाताखाली बसायला आजी तिथे नसते, आणि फोनच्या पडद्यावर आरती दिसते, कवंडळ शोधता येत नाही. गावात वर्षभर राहणारे एखादेच म्हातारे जोडपे उरले असेल तर त्यांच्यामागे घर उघडायचे कोणी, हा प्रश्न आज असंख्य घरांत आहे. काही भाऊबंदांनी छप्पर आणि वीजबिलासाठी घराच्या नावाने बँकेत खाते काढले आहे. काहींनी चतुर्थीच्या चार दिवस आधी जाऊन घर झाडायची पाळीही लावून घेतली आहे.

याहून अवघड प्रश्न मुलींचा. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सातबाऱ्यावर तिचे नाव चढू लागले, पण गणपतीच्या पाळीत ते अजून सहसा नसते. ज्या शाखेत फक्त मुली आहेत, तिची पाळी चुलत भावाकडे जाते आणि दोन पिढ्यांत ती शाखा हळूहळू पाहुणी होते. काही घराण्यांनी याला वाट काढली आहे. लग्न झालेली मुलगी आपल्या वडिलांच्या पाळीचा खर्च उचलते, नवऱ्यामुलांसह मूळ घरी येते आणि पूजेलाही बसते. विसर्जनानंतर पाटावर थोडी वाळू घेऊन मंडळी परततात, शिरणी वाटली जाते आणि हिशेबाची वही उघडते. खर्च मांडला की पुढच्या वर्षीची पाळी त्याच वहीत लिहितात, आणि अशा घरांत आता त्या रकान्यात मुलीचे नाव येते.