हडळीचं माहेर कुठलं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात, रात्रीच्या जेवणानंतरच्या सत्रात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

दिवसभर आपण पोटगी, पंचनामा, अर्ज आणि तारखा यांवर बोललो. आता जेवणं झालीत, मागच्या रांगेत दोघीतिघींचे डोळे मिटायला लागलेत. म्हणून शिबिर घेणाऱ्या मैत्रिणींनी मला हलका विषय दिला : भुताच्या गोष्टी आणि विनोदी सिनेमे. तो कितपत हलका आहे ते तुम्हीच ठरवा.

मला दोन्ही आवडतात, हे आधीच सांगून टाकते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी वाचनालयातून आणून आणून वाचले आहेत, तेही रात्री, दिवा लावून. 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की हातातलं काम बाजूला पडतं. चळवळीतल्या बाईनं असलं काही पाहू नये असं मानणाऱ्या मैत्रिणी मला भेटलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेते आणि सिनेमाला जाते.

पण आवडतं म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं थोडंच आहे?

आपल्याकडच्या भुतांची यादी करून बघा. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध. मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा गेला तर मुंज्या, त्याला पिंपळ दिलेला. कोकणात, गोव्यात देवचार आहे, तो तर गावाची राखण करतो, त्याला मान द्यावा लागतो. वेताळाची देवळं आहेत. म्हणजे पुरुषाला मेल्यावरसुद्धा काही ना काही हुद्दा आहे. आणि बाई? बाळंतपणात गेली तर हडळ, नाहीतर अलवंतीण. सवाष्ण गेली आणि इच्छा राहून गेल्या तर जखीण. गावागणिक नावं आणि तपशील बदलतात, पण एक गोष्ट बदलत नाही. बाईचं भूत कुठलं, हे तिची पाळी, तिचं गरोदरपण, तिचा नवरा यांवरून ठरतं.

हडळीचे पाय उलटे, केस मोकळे, ती विहिरीपाशी नाहीतर चिंचेखाली उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरते. हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण ती मेली कशी? रक्तस्राव होऊन मेली. गाडी मिळाली नाही. मिळाली तर न्यायला पुरुषमाणूस घरी नव्हता. किंवा आमच्याकडे सगळ्या घरीच बाळंत होतात, असं कोणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं. खरी भीतीची गोष्ट ही आहे. पण आपली गोष्ट सुरू होते ती या सगळ्यानंतर, ती झाडाखाली उभी राहिल्यावर. आणि तिच्यातला बिचारा कोण? तर रात्री सायकलवरून घरी जाणारा एक पुरुष.

लोक म्हणतात, वीज आली, रस्ते झाले, भुतं गेली. असेल. मला मात्र वाटतं, हडळी कमी झाल्या याचं आणखी एक कारण म्हणजे बाळंतपणात मरणाऱ्या बायका कमी झाल्या. सरकारच्या नमुना नोंदणीत २०१८ ते २०२० या काळात देशभरात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्याची नोंद आहे, महाराष्ट्रात ३३. आपल्या आज्यांच्या वेळी प्रत्येक आळीत अशी एकतरी आठवण असायची. तेव्हा प्रत्येक विहिरीवर हडळ असणारच होती.

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. तुमच्यापैकी काहीजणींनी चोरून पाहिला असेल. त्यात एका राक्षसाचा राजघराण्याला शाप असतो, की या घरातली प्रत्येक बाई बाळंत होताना मरेल. सूड राजाचा, मरायचं बायकांनी. सिनेमा भरपूर चालला. लोक राक्षसाचा चेहरा बघायला गेले, आणि खरं सांगायचं तर आंघोळीचा प्रसंग बघायलाही गेले. त्या शापाकडे कोणी फारसं लक्ष दिलं असेल असं वाटत नाही. मला मात्र राक्षसापेक्षा तो शापच भयंकर वाटला, कारण तो ओळखीचा होता.

आता एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई भावाबरोबर आली. बाळंत होऊन तीन आठवडे झालेले. रात्ररात्र झोप नाही, बाळ माझं नाही म्हणायची, अंधारात बसून एकटीच बोलायची. सासरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून विचारलं, तू कोण, नाव सांग. तिनं नाव सांगितलं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं. ती त्याच घरात, दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. आणि ही म्हणाली म्हणे, की मला जीप आणली नाहीत.

त्यावर घरात काय झालं असेल? पहिली बायको अशी का गेली, जीप का आणली नाही, यावर कोणी बोललं नाही. हिला आणखी मारलं. भाऊ घेऊन आला म्हणून वाचली. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतर असा मनाचा आजार काहीजणींना होतो, त्यावर औषध आहे. सहा-सात महिन्यांत ती बरी झाली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, मी काय बोलले मला काही आठवत नाही. पहिल्या बायकोबद्दल कुठेही तक्रार झाली नव्हती. तिचं म्हणणं एकदाच कोणीतरी मांडलं, आणि ज्या बाईच्या तोंडून ते आलं तिला त्यासाठी धुरी मिळाली.

म्हणून मला 'मणिचित्रताळ' हा १९९३ सालचा मल्याळम सिनेमा फार मोलाचा वाटतो. हिंदीत २००७ मध्ये आलेला 'भूल भुलैया' त्याच्यावरूनच केला. जुन्या वाड्यातल्या एका नर्तकीला मालकानं कोंडून ठेवलं, मारलं. पुढे त्या घरात आलेली सून तिच्यासारखं बोलायला, नाचायला लागते. शोभनाला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे इलाज करणारा मनाचा डॉक्टर आहे, देवऋषी नाही, आणि त्या नर्तकीचं काय झालं होतं हे समजून घेतल्याशिवाय सुनेला बरं करता येत नाही. हिंदीत विनोद जास्त झाला. अक्षयकुमार आल्यावर व्हायचंच ते.

धारपांची 'आजी' ही कथा काहीजणींनी वाचली असेल. 'तुंबाड' या २०१८ च्या सिनेमात त्या कथेची छाया आहे. एका म्हाताऱ्या बाईला साखळीनं बांधून ठेवलंय, तिला वेळेवर भरवलं नाही तर ती उठेल, ही भीती. मी पाहिला तेव्हा शेजारच्या मुली किंचाळत होत्या. मी पडद्यावरच्या त्या विधवा आईकडे बघत होते. दोन लहान मुलं, वाड्यावरच्या म्हाताऱ्या सरकारची सेवा, घरी त्या म्हातारीला भरवणं, आणि बदल्यात एका सोन्याच्या नाण्याची आशा. हे भूत वगैरे काढून टाकलं तरी उरतंच की. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या बायका या खोलीतही बसल्या आहेत.

आता हसण्याकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल हलकं म्हणून बोलावलं आणि रडवलं.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्याच्या आधी हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये 'बीवी और मकान' केला होता, गोष्टीचं मूळ तिथलं. चार पुरुषांना पुण्यात जागा मिळत नाही, कारण घरमालकीण फक्त जोडप्यांनाच ठेवणार. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात. पुरुषांनी साडी नेसली की हसायचं, हा विनोद मला एरवी कंटाळवाणा वाटतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी तर त्याचा चोथा केला. लुगडं, वाकडी मान, बारीक आवाज, झालं. पण इथे तसं नाही. इथे साडी नेसल्यावर त्या दोघांना कळतं, की बाई म्हटली की शेजारपाजार आत येतो, डोहाळजेवण करतो, पोटाला हात लावतो. त्यात घरमालकीण एकटी बाई आहे, अशोक सराफ जिथे नोकरी करतो त्या दुकानाची मालकीणही बाई आहे, आणि त्या दोघींवर सिनेमा दात ओठ खात नाही. १९८८ च्या मानानं हे थोडं नाही.

फक्त एक सांगते. आमची एक परित्यक्ता मैत्रीण मुलाला घेऊन चार महिने खोली शोधत होती. पगार होता, अनामत तयार होती. मिस्टर कुठे असतात, या एका प्रश्नावर गाडी अडायची. लक्ष्मीकांत बेर्डेला साडी नेसून खोली मिळाली, तिला साडी नेसूनही मिळाली नाही. ती स्वतःच हे सांगायची आणि आम्ही सगळ्याजणी हसायचो.

दादा कोंडक्यांबद्दल आपल्यात दोन तट आहेत. 'पांडू हवालदार' १९७५ चा, तेव्हापासूनचा हा वाद. वस्तीतल्या गटात मी विषय काढला तेव्हा शिकलेल्या आम्ही तोंड वाकडं करून बसलो आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातल्या एकीचं म्हणणं असं पडलं, की दादाच्या बोलण्याला दोन अर्थ तरी असतात, घरी तर एकच, शिवी. मला सगळे कोंडके पटत नाहीत. बाईकडे फक्त अवयव म्हणून बघणारा विनोद मला आजही टोचतो. पण त्या बायकांच्या हसण्याला चुकीची जाणीव वगैरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि बायका स्वतः विनोद करतात तेव्हा? आपला भोंडला आठवा. हस्त लागला, पाटावर हत्ती काढला, फेर धरला. वेड्या नवऱ्याचं गाणं सगळ्यांना येतं. बायको एकेक पदार्थ करते आणि तो वेडा त्याचं भलतंच काहीतरी समजतो. लाडू म्हणजे त्याला चेंडू, करंजी म्हणजे होडी. प्रत्येक कडव्याला हसू. तिचं काम वाया जातंय, तरी ती पुन्हा पुन्हा रांधतेय. आणि मग शेवटी, बऱ्याच ठिकाणी म्हणतात त्या कडव्यात, बायको झोपलेली असते. वेडा येऊन बघतो, ती मेली असं समजतो, आणि तिला जाळून टाकतो.

हे आपण सात-आठ वर्षांच्या असताना फेर धरून म्हटलंय. टाळ्या वाजवत. खिरापत काय असेल याचा विचार करत.

स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, असे जबाब ज्यांनी दवाखान्यात बसून ऐकलेत, त्यांनी हे गाणं पुन्हा म्हणून बघावं. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळासाठी ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ म्हणून आहे. गाणं त्याच्या कितीतरी आधीचं. कायदा नव्हता, पोलीस नव्हते, माहेरी सांगायची सोय नव्हती, तेव्हा कुणीतरी ते गाण्यात घालून ठेवलं आणि वर हसूही ठेवलं, म्हणजे सासूच्या देखत अंगणात म्हणता येईल. जोतीताई म्हापसेकरांनी १९८३ मध्ये 'मुलगी झाली हो' लिहिलं तेव्हाही हसू आणि गाणं होतंच. ते नाटक बघायला बाया पारावर येऊन बसायच्या, भाषण असतं तर आल्या नसत्या.

हल्ली भीती आणि विनोद एकाच सिनेमात मिळतात. 'स्त्री' २०१८ चा. चंदेरी गावात भुताच्या भीतीनं पुरुष रात्री घराबाहेर पडत नाहीत, एकटं जाऊ नका म्हणून बायका त्यांना बजावतात. ही अदलाबदल मला मनापासून आवडली. मुख्य म्हणजे तिथे विचारलं जातं, की ही कोण, तिला कोणी मारलं, तिला काय हवंय.

'मुंज्या' २०२४ चा, आपल्या कोकणातला. मुलांना तो फार आवडला. पण बघा, तो मेल्यावरही लग्न करायचं म्हणून हटून बसलाय, एका पिढीतल्या मुलीनं नाही म्हटलं तर तिच्या नातीच्या मागे. एकतर्फी प्रेम हा शब्द मला मुळातच मान्य नाही, त्यात प्रेम कुठे आहे? १९९० मध्ये उल्हासनगरला परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळलं, तेव्हाही वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला होता. सिनेमात त्या मुंज्याला हसता येतं, घाबरताही येतं. आपल्याकडे येणाऱ्या मुलींच्या मागचे मुंज्ये जिवंत असतात आणि त्यांच्याकडे मोटरसायकल असते.

चेटकीण, डाकीण म्हणून बाईला मारणं अजून थांबलेलं नाही. सातपुड्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्यानंतर, त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, करणी केली म्हणून एखादीला बदनाम करणं, हे त्यात गुन्हे आहेत, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याची प्रत उद्या सकाळी वाटणार आहोत, ती कृपा करून घरी नेऊन वाचा.

आता दिवा जरा बारीक करूया. प्रत्येकीनं आपल्या गावातल्या बाईच्या भुताची गोष्ट सांगायची. विहिरीवरची, बांधावरची, जुन्या वाड्यातली, चालेल कुठलीही. फक्त सांगताना सुरुवात ती जिवंत होती तिथून करायची. तिचं नाव काय होतं, माहेर कुठलं, घरात कोण कोण होतं. माहीत नसेल तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा म्हाताऱ्या बायकांना विचारून या, त्यांना माहीत असतं. विदर्भातल्या मैत्रिणी मघापासून कुजबुजताहेत, त्यांच्यापासून सुरू करू.