आपल्या मुलांचे चित्रपट आणि परदेशांतील महोत्सव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज निवडलेला विषय जरा निराळा आहे. आशियाई आणि परदेशस्थ आशियाई चित्रपटकारांसाठी अमेरिका व कॅनडा या देशांत जे महोत्सव भरतात, त्यांत आपल्या मुलामुलींनी आपले चित्रपट कसे पाठवावेत आणि त्या कामी ज्ञातीने काय करावे, हा तो विषय होय. चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी थोडा धीर धरावा, एवढी प्रार्थना आहे.

हे महोत्सव निघाले कशासाठी, हे प्रथम पाहिले पाहिजे. 1937 साली हॉलिवुडमध्ये ‘द गुड अर्थ’ हा चिनी शेतकऱ्यांच्या जीवनावरील चित्रपट निघाला. परंतु त्यातील शेतकरी पतिपत्नीच्या भूमिका पॉल म्युनी आणि लुइझे रेनर या गोऱ्या नटनटींनी चेहरे रंगवून केल्या. आपली कथा दुसऱ्याने सांगावी आणि आपण प्रेक्षागारात बसून ती पाहावी, ही स्थिती तेथील आशियाई लोकांना पुढे असह्य झाली. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई स्थलांतरितांस अधिक उघडली आणि त्यांची संख्या वाढली. 1978 साली न्यूयॉर्क येथे आशियाई-अमेरिकन चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्को, 1983 मध्ये लॉस एंजेलिस आणि 1997 मध्ये टोरोंटो येथेही असे महोत्सव निघाले. केवळ भारतीय चित्रपटांसाठी लॉस एंजेलिस येथे 2003 पासून निराळा महोत्सव भरू लागला. अल्प भांडवलावर काम करणाऱ्या नवख्यांस अशा ठिकाणी प्रवेश मिळण्याची आशा असते.

मराठी चित्रपटास परदेश नवा नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्येच व्हेनिस येथे गौरविला गेला. 2014 साली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला तेथेच पारितोषिक मिळाले. 2025 च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. पित्याच्या सुतकाचे दहा दिवस पाळण्यास गावी आलेला तरुण आणि त्याचा बालमित्र यांच्या प्रेमाची ती कथा आहे. विषय कोणास रुचो वा न रुचो. आपल्या खेड्यातील घर, अंगण आणि सुतकाचे नियम जसे आहेत तसे दाखविले म्हणून परक्या प्रेक्षकांस ते अनाकलनीय झाले नाहीत, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. समजा, आपल्यापैकी एखाद्या कन्येने आपल्या आजोबांच्या तांबटकामावर पंधरा मिनिटांचा लघुपट केला आहे. तिने काय करावे?

प्रथम महोत्सवाची नियमावली नीट वाचावी. कोठे दिग्दर्शक आशियाई वंशाचा असावा लागतो, कोठे विषय वा प्रमुख पात्रे तशी असली तरी चालतात. लघुपटाची कालमर्यादाही सर्वत्र सारखी नसते. अर्ज बहुधा फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावरून करावयाचा असतो. त्यासोबत कथासार, दिग्दर्शकाचे मनोगत, काही छायाचित्रे आणि परवलीचा शब्द घातलेला चित्रपटाचा दुवा द्यावा लागतो. चित्रपटगृहात दाखविण्याची डीसीपी प्रत निवड झाल्यावरच लागते. तिच्यावर आधी खर्च करू नये.

प्रवेशशुल्क मुदतीप्रमाणे वाढत जाते. जो लवकर पाठवितो त्यास कमी आणि जो अखेरच्या दिवसांत धावतो त्यास अधिक. निवड न झाल्यास ते परत मिळत नाही. यास्तव वीस ठिकाणी अंदाधुंद पाठविण्यापेक्षा चार ठिकाणे निवडून पाठविणे शहाणपणाचे. काही महोत्सव अन्यत्र न दाखविलेलाच चित्रपट मागतात. म्हणून उत्साहाच्या भरात तो आधीच यूट्यूबवर सर्वांस खुला करू नये. दरमहा पारितोषिके वाटणारे आणि प्रत्यक्ष चित्रपटगृहात काहीच न दाखविणारे नामधारी महोत्सवही आहेत. मागील वर्षी तेथे कोणते चित्रपट कोठे दाखविले गेले, याची खातरजमा केल्यावाचून पैसे भरू नयेत.

संगीताच्या हक्कांविषयीही सावध असावे. वरातीच्या दृश्यात बँडवाल्याने एखादे सिनेगीत वाजविलेले असेल, तर त्याचीही परवानगी लागते. ती न मिळाल्यास दुसरे संगीत घालावे.

सर्वांत अधिक कष्टाचे काम म्हणजे पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या इंग्रजी ओळी, ज्यांस सबटायटल्स म्हणतात, त्यांचे. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळीत साधारणतः चाळीस अक्षरे. एवढ्यात आपले बोलणे बसवावयाचे असते. आजोबा म्हणतात, “घंगाळाला अजून मठार द्यायचाय.” आता मठार म्हणजे नुसते ठोकणे नव्हे, एकसारख्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कठीण होतो आणि त्यावर झळाळी चढते. केवळ ‘ठोकणे’ असे भाषांतर केले, तर आजोबांची सारी विद्या त्या एका शब्दात बुडून जाईल. येथे मराठी मुरलेली आणि इंग्रजी जाणणारी वडील मंडळी हवीत. शिक्षकी पेशातील आम्हां निवृत्तांस हे काम करता येण्याजोगे आहे.

अखेरीस एक नाजूक गोष्ट. “ज्ञातीचे साहाय्य घेतले, तर चित्रपटात ज्ञातीचा गौरव असला पाहिजे,” असा आग्रह कोणी धरील. मला तो मान्य नाही. समजा, त्याच कन्येने उद्या दुसरा चित्रपट केला आणि आंतरजातीय विवाह केल्यामुळे माहेर तुटलेल्या आपल्या आत्याची हकीकत त्यात सांगितली, तर आपण काय करणार? ते दार आत्याला आपल्याच घरांनी बंद केलेले असते. ती हकीकत लपवून ज्ञातीची प्रतिष्ठा वाढत नाही. परक्यांनी आपली कथा रंगवून सांगितली, या दुःखातून ज्या महोत्सवांचा जन्म झाला, तेथे आपणच आपली कथा रंगवून पाठविणे विपरीत होईल. शिवाय, आपल्या मुलीने जे आपल्यासमोर सांगण्याचे धैर्य केले, ते आधी आपणच ऐकले पाहिजे.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. विद्यार्थी साहाय्यनिधीतून दरवर्षी तीन चित्रपटांचे प्रवेशशुल्क द्यावे. भाषांतरासाठी पाच जाणत्या सभासदांची समिती नेमावी. आणि या साहाय्याच्या बदल्यात चित्रपटाच्या आशयावर कोणतीही अट घालू नये. वैद्यकी वा अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांची पाठ्यपुस्तके आपण तपासून पाहत नाही. तोच विश्वास यांच्यावरही ठेवावा.

पहिल्या दोन सूचना संमत होण्यास अडचण पडू नये. तिसरीवर मतभेद होतील, हे मी जाणतो. तथापि तिच्यावाचून पहिल्या दोन व्यर्थ होत, असे माझे नम्र मत आहे.