कपाट, स्टेशन आणि परीस

धुळ्यातल्या देवपुरातून बोलतोय. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, खिडकी लावली की उकडतं.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला मी कादंबरी लिहायला घेतली होती. एक मुलगा कोरड्या पांझरेत पुलाखालून चालत जातो आणि थेट दुसऱ्या जगात निघतो. रूममेटनं चाळीस पानं वाचली आणि म्हणाला, "हे तर हॅरी पॉटर आहे यार." झालं. फाईल बंद.

आता त्या पॉटरचंच बघू. १९९७ चं पुस्तक. प्लॅटफॉर्म नंबर पावणेदहा: भिंतीत घुसायचं, पलीकडे गाडी उभी. त्याआधी १९५० मध्ये सी. एस. लुईसची मुलं कपाटात शिरतात आणि नार्नियाच्या बर्फात पोचतात. त्याच्याही आधी, १९१२ च्या 'द मॅजिक वर्ल्ड' या संग्रहात ई. नेस्बिट यांची एक गोष्ट आहे. शिक्षा म्हणून खोलीत बसवलेली अमाबेल कपाट उघडते, तर आत चक्क रेल्वे स्टेशन! म्हणजे कपाटही बाईंचं आणि स्टेशनही.

लुईसनं हे लपवलं का? अजिबात नाही. 'द मॅजिशियन्स नेफ्यू'च्या सुरुवातीलाच तो नेस्बिटबाईंच्या बॅस्टेबल मुलांचं नाव घेतो. आपण कोडमध्ये वरती लायब्ररी इम्पोर्ट करतो ना, तसं. रोलिंगही नेस्बिटचं ऋण मोकळेपणानं मानते.

पण दारापलीकडचं ज्याचं त्याचं आहे. अमाबेल परत येते, मावशीशी तिचं गोड होतं. लुईसकडे पलीकडे युद्ध आहे. आणि हॅरीला पलीकडेच घर सापडतं, ते मला सगळ्यात भारी वाटतं.

मराठीत तर पुस्तकाचं नावच 'हॅरी पॉटर आणि परीस'. आजीला पॉटर कोण ते माहीत नाही, पण परीस म्हटल्यावर लगेच म्हणाली, "माले माहीत शे, लोखंडाचं सोनं करतो तो." अमृताचं काम मात्र आपला परीस करत नाही, ते त्या पुस्तकातल्या दगडाचं.

गेल्या महिन्यात ती जुनी फाईल उघडली. पुलाखालची वाट ठीकच होती. पण पलीकडे मी काय ठेवलं होतं? किल्ला, घुबडं आणि बर्फ. धुळ्याच्या पोराला बर्फ! रूममेट बरोबर होता, फक्त त्यानं बोट चुकीच्या जागी ठेवलं.

वाट ठेवलीय, बर्फ काढलाय. तिथं काय घालायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्या गावात असं एखादं दार असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.