रानाचे ज्ञान कोणाच्या नावावर?
(सिरोंचा येथील भाषण)



प्राणहिता गोदावरीस मिळते त्या या तालुक्यात मोह केव्हा गळतो, तेंदूचे पान केव्हा खुडावे, हे तुमच्या घरातील लहान मुलीलाही ठाऊक असते. तुम्ही हे सांगितले की ती मजुरी ठरते. तेच छापील कागदावर गेले की त्यास वनस्पतिशास्त्र म्हणतात. हा भेद कोणी केला?

सागाचेच पाहा. त्याचे शास्त्रीय नाव टेक्टोना. ते मलबारच्या 'तेक्क' या शब्दावरून आले. आपले तेलुगू शेजारी त्यालाच 'टेकू' म्हणतात. म्हणजे शास्त्राच्या तोंडी शब्द आहे तो आपल्यासारख्यांचाच!

1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. डच अधिकारी व्हान रीडे याने तो सिद्ध करविला. त्यास वनस्पतींचे गुण सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे एळवा जातीचे वैद्य प्रमुख होते. या जातीस सवर्णांपासून ठरावीक अंतर राखून उभे राहावे लागे. तथापि पहिल्या खंडात तीन कोंकणी ब्राह्मणांची साक्ष छापली आहे, तशी अच्युतन यांचीही, त्यांच्या नावानिशी. गावात जे जवळ उभे राहू शकत नव्हते, ते ग्रंथात शेजारी बसले. पुढे लिनियसने याच ग्रंथाचा आधार घेतला.

त्याच मलबारात 1897 साली थिय्या समाजात जानकी अम्माल जन्मल्या. 1931 साली त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, उसाच्या संकरावर काम केले, 1945 साली डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी पंडित नेहरूंनी त्यांना स्वदेशी बोलाविले. एवढी विद्वत्ता असूनही जात आणि स्त्रीत्व या दोहोंचा जाच त्यांना सोसावा लागला. प्रवेश मिळणे निराळे आणि पंक्तीत आपला म्हणून बसविले जाणे निराळे, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

गोंडवाना विद्यापीठ 2011 साली गडचिरोलीस निघाले. येथून ते दोनशेवर किलोमीटर दूर आहे, हे मी विसरलेलो नाही. तरीही मुलीला वनस्पतिशास्त्राला घाला. तिथे तिला आडनाव विचारले गेले, तर तिच्या पाठीशी उभे राहा.

आणखी एक. 2002 च्या जैविक विविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीच्या समितीने लोकांना विचारून जैवविविधता नोंदवही करावयाची असते. ती उघडून पाहा. वनस्पतीचा नमुना नेणाऱ्याच्या कागदावर झाडाचे नाव, ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव असते; रान दाखविणाऱ्याचे बहुधा नसते. कोणी आला तर वाट अवश्य दाखवा, पण तो कागद बांधण्यापूर्वी आपले नाव त्यावर लिहावयास सांगा.