खेळातलं प्रेम काय बोलतं?

आज हप्ते-व्याजाचं काही नाही. आज बोलायचंय मोबाइलच्या खेळातल्या प्रेमाबद्दल. हसू नका! बैठकीत तुम्हीच विचारता, "पोरगी मोबाइलमध्ये कुणाशी बोलते हो?" कधीकधी ती खेळातल्या पात्राशी बोलत असते.

अशा खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. भातुकलीत आपण कुणीतरी व्हायचो, तसंच. समोरचं पात्र बोलतं, खाली दोन-चार उत्तरं येतात. आपण एक निवडायचं, आणि त्यावरून पुढचं नातं ठरतं.

'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ आम्ही गटातल्या मुलींकडून समजून घेतला. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं चारेक वर्षं एकट्यानं खपून तो केला, २०१६ साली आणला. आणि आहे कशाचा? शेतीचा! आजोबांचं पडीक रान कसायचं, कोंबड्या-गायी पाळायच्या, गावात ओळखी करायच्या. लग्नाजोगी बारा जणं आहेत. बोलत राहिलं, आठवड्यातून दोनदा भेट दिली, की मैत्रीचे बदाम भरतात. आठ बदाम झाले की फुलांचा गुच्छ द्यायचा. भेटी देऊन माणूस आपला होतो, हे काही आम्हाला पटलं नाही. तसं असतं तर मानपान घेतलेली सगळी घरं सुखात नांदली असती.

पण मुलींच्या लक्षात भेटी राहिल्याच नाहीत. लक्षात राहिला शेन. हा त्या बारांतलाच एक, दारूत बुडालेला. एका प्रसंगात तो कड्याच्या टोकाशी पडलेला असतो आणि जगावंसं वाटत नाही म्हणतो. तिथं काय बोलायचं, हे खेळणारीनं निवडायचं. मग त्याला दवाखान्यात न्यायचं. पुढे तो स्वतःच समुपदेशकाकडे जायचं ठरवतो. प्रेमाची गोष्ट खरी वाटायला लागते ती इथून. मराठवाड्यात राहणाऱ्या आपल्याला हा प्रसंग नुसता खेळातला वाटत नाही. घरात कुणी असं बोललं तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फिरवा. रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत.

बोलण्यातून प्रेम उभं करणं आपल्या मातीला नवं नाही. पैठणच्या सातवाहनांतल्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे, सुमारे सातशे गाथांची. त्यात कितीतरी ठिकाणी बाईच बोलते. मैत्रिणीशी, सासूशी, वाटसरूशी. काय म्हणायचंय ते त्या दोन ओळींतच कळतं.

आणि आपला बघण्याचा कार्यक्रम आठवा. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का? पोहे दिले, उठून आत गेलो. आपल्यापुढे दोन-चार उत्तरं कुणी ठेवली होती? 'नाही' हे त्यात होतं का? २०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळात सोबतीची पात्रं आपण इतरांशी कसं वागतो तेही बघतात. वागणं नाही आवडलं, तर तोंडावर नकार देतात, सोडूनही जातात.

म्हणून मुलीच्या हातातला मोबाइल ओढून घेण्याआधी जरा शेजारी बसा. शेनला तिनं काय उत्तर दिलं, ते विचारा. येत्या बैठकीला मुलींनाही घेऊन या, आम्हाला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.